पोथी बांधायची राहिलीय

॥ ॐ नमः शिवाय ॥

मु. पो. बोरी, ता. जिंतूर
सोमवार, ४ ऑगस्ट, श्रावण शुद्ध दशमी

लेखिका सौ. अनुपमा स्वामी यांना,
बोरीच्या एका वाचकाचा सादर शरणार्थ.

आपली 'आर्द्रेचा घोडेस्वार' ही ऐतिहासिक कादंबरी परवा टपालाने मिळाली. सोबत चिठ्ठी वगैरे काही नव्हती. पाकीट उलटं करून झटकून पाहिलं. मात्र शेवटच्या पानावर 'वाचकांनी आपला अभिप्राय अवश्य कळवावा' असं छापून खाली पुण्याचा पत्ता दिला आहे. ते आमंत्रण आमच्यासाठीही आहे असं समजून लिहीत आहे. फोनवर आपण 'जेवलात का' विचारता, मी 'जेवलो' म्हणतो आणि बोलणं संपतं. त्यात कादंबरी बसत नाही.

प्रथम मुखपृष्ठाविषयी. चित्रातला घोडा चांगला आहे. मागच्या बाजूला लेखिकेचा फोटो आहे, त्यात लेखिका हसत आहे. लग्नाला बत्तीस वर्षं झाली, पण असा फोटो आमच्या घरात एकही नाही. नाव नुसतं 'अनुपमा स्वामी' एवढंच आहे. मधलं 'वीरभद्र' छापखान्यात राहून गेलं असावं.

दुसरं म्हणजे, चूक दाखवणं हे वाचकाचं कर्तव्य आहे. पान एकेचाळीसवर श्रावणी पौर्णिमेचा चंद्र आपण आर्द्रा नक्षत्रात बसवला आहे. हे होणे नाही. श्रावणी पौर्णिमेला चंद्र श्रवणाच्या आसपास असतो, म्हणून तर महिन्याचं नाव श्रावण. आपली नायिका आर्द्रा किल्ल्यावरची ज्योतिषी, पंचांगकर्त्या बापाची लेक. तिला एवढं ठाऊक नसेल? आणि तिच्या लेखिकेचा नवरा अख्ख्या गावाचं पंचांग बघतो. लोक मला काय म्हणतील?

आता लोकांचं. पोस्टमन आला तेव्हा शेजारच्या धुरपताबाई आपल्या ओट्यावर तूर निवडत बसल्या होत्या. त्यांनी मागचा फोटो पाहिला आणि "अगं माय, ही तर आपली अनुपमा!" म्हणून सगळी गल्ली गोळा केली. शेळ्यावाल्या सुलाबाई आल्या, अंगणवाडीत शिकवणारी संघप्रिया आली. सगळ्यांचा एकच धोशा, "स्वामी, शिरावनात तुमी मठात पोथी वाचताच की. हीबी वाचा." मी सांगितलं, ही पोथी नाही, कादंबरी आहे. तर धुरपताबाई म्हणाल्या, "आपल्या घरच्या बाईनं लिवली, मग पोथीच झाली." चौरंग मांडला, पोथी बांधायचं नवं बासन काढलं. खुरपणीहून बाया आल्या की रोज एक अध्याय वाचायचा आणि मग मठात जायचं, असं ठरलं आहे.

तात्याराव पाटीलही येतात. त्यांनी नुसतं नाव ऐकलं आणि त्यांना वाटलं, आर्द्रा नक्षत्राचं यंदाचं वाहन घोडा होतं त्याचं हे पुस्तक आहे. "घोडा म्हंजे पाऊस डोंगरावर. मग आमच्या सोयाबीनचं काय लिवलंय त्यात?" असं विचारत आले. पुस्तक पावसाचं नाही, प्रेमाचं आहे, हे कळल्यावर उठून जातील असं वाटलं होतं. गेले नाहीत. खांबाला टेकून बसले आहेत.

आमची प्रकृती ठीक. स्वयंपाक जमतो. चहा अजून दोन कप होतो, हाताला मापच बसलंय. दुसराही मीच पितो, वाया जात नाही.

आपला एक वाचक,
वीरभद्र स्वामी


॥ ॐ नमः शिवाय ॥

बोरी
सोमवार, ११ ऑगस्ट, श्रावण वद्य द्वितीया

लेखिका सौ. अनुपमा स्वामी यांना,
शरणार्थ.

संघप्रियाच्या मोबाइलवर आपला निरोप आला. 'अभिप्राय पोचला, आभारी आहे. चंद्राचं बघते. जेवण वेळेवर करावं.' निरोप मी दोनदा वाचून घेतला. शेवटचं वाक्य सगळ्या वाचकांना लिहिता की काय, कळलं नाही.

वाचन निम्म्यावर आलं आहे. ओट्यावर जागा पुरत नाही, म्हणून आता बेलाखाली सतरंजी टाकतो. अभिप्राय मागितले आहेत, तर जसेच्या तसे देतो. राग मानू नये.

नायिकेविषयी दोन तट पडले आहेत. बापाची नजर गेली हे किल्लेदाराला कळू नये म्हणून आर्द्रा पडद्याआड बसून मुहूर्त सांगते, हे सगळ्यांना पटलं. पण पागेचा सरदार हैबतराव मोहिमेवर निघायची वेळ विचारायला येतो आणि ती त्याला ताटकळत ठेवते, तिथं धुरपताबाई चिडल्या. "लय तोरा हाय पोरीला. दारात आल्याला मानूस, आधी पानी तरी इचारावं." सुलाबाई म्हणाल्या, "तोरा कामून नसावा? अख्खा किल्ला तिच्या बोटावर निघतोय." संघप्रियाचं म्हणणं तिसरंच. "काका, मला हे मुहूर्तबिहूर्त काही पटत नाही. पण ही बाई आकाशाकडं बघते ना, तसं बघायला मला आवडलं असतं." मी तिला म्हटलं, उद्या पहाटे ये, शुक्र दाखवतो. तर खरंच आली. आईलाही घेऊन आली.

हैबतरावाविषयी मात्र मत चांगलं नाही. सुलाबाई म्हणाल्या, "ह्यो गडी घोड्यावर बसतो झ्याक, पर निसता इचारतच ऱ्हातो. आज निघू का, उद्या निघू का. मनातलं बोलायला ह्याला कोन धरलंय?" सगळ्या हसल्या आणि का कोण जाणे, माझ्याकडं बघून हसल्या. मी पान उलटलं.

पान अठ्ठ्याऐंशीवरच्या नदीकाठच्या देवळाच्या प्रसंगाबाबत लेखिकेला विनंती आहे की असं लिहिताना ते मोठ्यानं कोण वाचणार आहे याचाही विचार करावा. मी चार ओळी सोडून पुढं गेलो. संघप्रिया माझ्या खांद्यामागून बघत होती. "काका, मधलं सोडलं!" मग काय, गिल्लाच झाला. "सोडायचं न्हाई, पोथीतलं अक्षर सोडलं की पाप लागतं, तुमीच म्हनता की!" शेवटी पुस्तक संघप्रियाकडं दिलं. ती वाचत होती, बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या, तात्याराव टोपी काढून परत घालत होते, आणि मी बेलाचं झाड बघत होतो. झाडाला यंदा फळं चांगली धरली आहेत.

त्या प्रसंगात हैबतराव आर्द्रेच्या पायातला काटा काढतो आणि वर बघत नाही. माहेराहून, पालमहून पहिल्यांदा तू आलीस तेव्हा एसटी स्टँडपासून चालत येताना तुझ्या पायात बाभळीचा काटा. हे चुकून 'तू' झालं. खोडत नाही, पान खराब होईल.

आपला वाचक,
वी. स्वामी


बोरी
शनिवार, १६ ऑगस्ट, श्रावण वद्य अष्टमी

अनुपमा,

आज लेखिका, वाचक असं काही लिहीत नाही. जमणार नाही.

काल झेंडावंदन आटोपून घरी आलो आणि शिवप्रकाशचा फोन आला. पोराला लपवता येत नाही, तुझ्यावर गेलाय. म्हणाला, "बाबा, आई वेगळी खोली बघायलीय. आमच्याच गल्लीत हाय. लिहायला शांत पायजे म्हनती. गणपती झाले की जाईल ऱ्हायला." मी विचारलं, केवढी आहे खोली? म्हणाला, "छोटीच, एका मानसाची."

मी काय बोललो असेन? म्हणालो, "दार कोणत्या दिशेला आहे ते बघून घे म्हणावं." फोन ठेवला आणि मला माझाच असा राग आला की समोरची पितळी घासलेली होती तीच परत घासत बसलो.

सुनेच्या बाळंतपणाला म्हणून तू गेलीस, तीन महिन्यांसाठी म्हणून. नात आता चालायलीय, बोलायलीय, फोनवर मला 'ओम नमो' म्हणून दाखवायलीय. तू काही परत आली नाहीस. आपलं भांडण तरी झालं का? झालं असतं तर बरं होतं, भांडण मिटवता येतं. लोक मला विचारतात, "अनुपमाबाई कवा येणार?" मी म्हणतो, दिवस चांगला बघून येतील. लोकांना ते खरं वाटतं. मला पण वाटायचं.

दर महिन्याला मी तुला निघायचा दिवस काढून कळवला. गुरुपुष्य कळवला, अक्षय्यतृतीया कळवली. दरवेळी तुझं काही ना काही निघायचं, कधी नातीचा ताप, कधी छापखान्याचं काम. आणि संक्रांतीनंतर एकदा तू म्हणालीस, "तुमचं पंचांग मला बोलवायलंय. तुमी कवा बोलवणार?" आणि फोन ठेवलास. खरं सांगतो, मला तेव्हा काही कळलं नाही. मला वाटलं, दिवस तुला पसंत पडला नाही. म्हणून मी त्याच्या पुढचा काढला.

तुला वाटत असेल, हा माणूस पंचांगाचा धाक घालतो. तसं नाही गं. मी नुसतं 'ये' म्हणावं, तू निघावंस आणि वाटेत काही बरंवाईट व्हावं, ह्याची मला भीती वाटते. दिवस बघून दिला की निदान रात्री झोप येते. दुसऱ्याच्या पोरीबाळी निघाल्या की मी खुशाल 'जा, काही होत नाही' म्हणतो. तुझं आलं की दहा वेळा बोटं मोजतो. हे तुला आजवर सांगितलं नव्हतं. काय सांगायचं असतं त्यात, असं वाटायचं.

वाचन आज झालं. हैबतरावाला बादशहाची मोठी मोहीम आली आहे आणि आर्द्रेला कुंडलीत काहीतरी दिसलंय, ते ती कुणालाच सांगत नाही. धुरपताबाई डोळे पुसायल्या. मला घरचं काही विचारू नका म्हटलं, तर म्हणाल्या, "स्वामी, आज तुमचा आवाज बसलाय. गवती चहा आनून देते." दिला. त्या भाकरीही देतात. मी माझी झाली म्हणतो, तरी ठेवून जातात.

खोली घेऊ नकोस असं म्हणणार नाही. तुला लिहायला शांतता हवी हे आता मला कळतं. इथं तू चुलीपुढं बसायचीस आणि दारात एक जण बाळाचं नाव काढायला, एक जण बोअरची जागा विचारायला. तू ह्या सगळ्यातून कधी आणि कुठं लिहायला शिकलीस, देव जाणे. पण एका माणसाची खोली हे वाक्य मला काही केल्या गिळवेना.

वीरभद्र


बोरी
मंगळवार, १९ ऑगस्ट, श्रावण वद्य एकादशी

अनुपमा,

तू हे काय करून ठेवलंस?

आज कादंबरी संपली. आणि ती संपली नाही. दोन्ही खरं आहे, सांगतो.

बाया एकादशीच्या भगरीचा घास कसाबसा पोटात ढकलून आल्या होत्या. मागच्या गल्लीतले चार गडीही आले. शेवटचा अध्याय लावला. आर्द्रेनं हैबतरावाला निघायची वेळ काढून दिली. तो घोड्यावर बसला, लगाम धरला, आणि म्हणाला, "परत कधी येऊ? तो मुहूर्तही सांग." आर्द्रेनं बोटं मोजली. म्हणाली, "परतीचा मुहूर्त माझ्या पंचांगात नाही." तो मान खाली घालून निघाला. ती वेशीत उभी. घोड्याची धूळ उडाली, मग खाली बसली. समाप्त.

मी 'समाप्त' म्हणालो आणि बासन उचललं. तोच धुरपताबाईंनी पुस्तकावर तळहात ठेवला.

"स्वामी, हितं बांधता व्हय?"

"मग कुठं बांधू? पुढं पानच नाही."

"वाईट जागी पोथी बांधत न्हाईत. कोन म्हनतं? तुमीच म्हनता."

आजवर मीच ह्या बायांना दटावलंय. भक्ताचा प्राण गेला तिथं अध्याय संपत असेल तर उठायचं नाही, पुढचा लावायचा. महादेव येतो, भक्त उठून बसतो, मगच पोथी बासनात जाते. चुलीवर भात करपला तरी बसा म्हणायचो. धुरपताबाईंचा एकदा करपलाही होता, ते त्यांनी आज सगळ्यांसमोर काढलं.

संघप्रिया मधे पडली. म्हणाली, "मावशी, पुस्तकात दुःखाचा शेवट चालतो." सगळ्या तिच्यावर उलटल्या. "तुज्या पुस्तकात चालत आसल. पोथीत न्हाई चालत." तात्याराव ओट्याच्या खांबापासून उठून पुढं आले आणि हळूच म्हणाले, "मानसाचं जाऊ द्या. घोडा तरी परत आला का?" एवढा मोठा बागायतदार, डोळ्यांत पाणी.

आणि मग सुलाबाई बोलल्या. त्या आतापर्यंत शेळीच्या पिल्लाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, "मी म्हन्ते, त्या येड्यानं इचारलंच कामून? जायला मुहूर्त बगतेत. यायला कोन बगतंय? माज्या शेळ्या सांजच्याला घरी येत्यात, त्या काय पंचांग बगून येत्यात? निसतं 'येतो' म्हनला असता तर काय जीब झडली असती त्याची?"

शास्त्रात प्रवेशाचाही मुहूर्त सांगितला आहे. मला श्लोक पाठ आहे. तो माझ्या ओठापर्यंत आला होता. मी बासनाची घडी करून बाजूला ठेवली.

शेवटी सर्वांनी मिळून ठराव केला आणि संघप्रियानं तो तिथल्या तिथं तुला पाठवला, तो पाहिला असशील. 'बोरीच्या वाचकांची लेखिकेस विनंती की घोडेस्वाराला परत आणावं. तोवर पोथी बांधली जाणार नाही.' तेव्हापासून तुझं पुस्तक चौरंगावर शेवटच्या पानाशी उघडं पडलंय. सुलाबाईंची एक शेळी पान खायला आली, तिला हाकललं. आता वर वेताची पाटी पालथी घालून ठेवलीय. उद्या पाऊस आला तर आत घेईन, पण मिटणार नाही. मिटायची हिंमत मला नाही, धुरपताबाई दारातच असतात.

मला तुझा राग आलाय, अनुपमा. एवढी चांगली पोरगी तू वेशीत उभी केलीस आणि दिवा मालवून निघून आलीस. तिच्या मनात काय होतं ते तरी लिहायचंस. का मी ओळखायला हवं होतं?

वीरभद्र


परभणी स्टेशन
शुक्रवार, २२ ऑगस्ट, पोळा

प्रिय अनुपमा,

असं मी तुला बत्तीस वर्षांत कधी लिहिलं नव्हतं. लिहिता येतं की.

काल तुझं उत्तर आलं. संघप्रिया अंगणवाडीतून पळतच आली आणि बेलाखाली सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. 'शेवट लेखिकेच्या हातात नाही. घोडेस्वाराला विचारा.' एवढंच. सगळ्या बाया वळून माझ्याकडं बघायल्या. मला वाटलं माझ्या मागं कुणी येऊन उभं राहिलंय, म्हणून मीही मागं वळून बघितलं. मागं कुणीच नव्हतं. धुरपताबाईंनी कपाळावर हात मारला. "द्येवा महाद्येवा, ह्यांना आता अर्थबी आमीच सांगावा का?"

नाही सांगावा लागला. उशिरा का होईना, कळलं.

आज सकाळी मठातली श्रावणाची पोथी विधीप्रमाणं बांधली, ती चांगल्या जागीच संपते. तात्यारावांच्या बैलांना ओवाळलं, पुरणपोळी खाल्ली. मग घरी येऊन पिशवी भरली. दोन धोतरं, इष्टलिंगाच्या पूजेचं सामान, तुझा जुना चष्मा, जो तू कोनाड्यात विसरली होतीस आणि जो मी रोज पुसून तिथंच ठेवत होतो. दोन बेलफळं घेतली. पंचांग घेतलं नाही. ते तात्यारावांच्या हातात दिलं आणि म्हटलं, कुणी विचारायला आलं तर तुम्हीच बघा. ते घाबरले. "मला निसते घोडा, कोल्हा, बेडूक कळतेत ओ." मी म्हटलं, तेवढ्यात गावाचं भागतं.

पंचांग उघडलंच नाही मी. पण तोंडपाठ आहे त्याला काय करू? दुपारी अमावस्या लागली. शुक्रवारी पश्चिमेला दिशाशूळ, आणि पुणं पश्चिमेला. आजच्याइतका वाईट दिवस मी शोधून काढला नसता. वेशीपर्यंत सगळी गल्ली आली. बैल सजून उभे, वाजंत्री वाजायलेली, आणि मी पिशवी घेऊन एसटीला. धुरपताबाई आडव्या आल्या. "स्वामी, आज अवस हाय, वर पच्चिमंचा शूळ. तुमीच शिकिवलंय आमाला. आन आज कुठं जायलात?" काय सांगितलं ते शेवटी लिहितो.

पुस्तक माझ्या मांडीवर उघडं आहे, शेवटच्या पानात बोट घालून. एसटीत बोरीपासून परभणीपर्यंत असंच धरून आलो. कंडक्टरनं तिकिटाला हात पुढं करा म्हटलं, तर दुसरा हात पुढं केला. शेजारच्या माणसानं विचारलं, "परीक्षा हाय का बाबा?" मी हो म्हणालो. काही खोटं नाही त्यात.

बायांनी सांगून पाठवलंय, अनुपमाला आणा, न्हाईतर शेवट आणा. मी तसं काही कबूल केलेलं नाही. तू बोरीला आलीस तर मला केवढा आनंद होईल हे मला लिहिता येत नाही, ते तू लिही, तुला जमतं. नाही आलीस तरी मी रुसणार नाही. त्या एका माणसाच्या खोलीत मी कोपऱ्यात बसेन. तुला ठाऊक आहे, मी फार जागा घेत नाही. तू लिहीत असशील तेव्हा बोलणार नाही. दार कोणत्या दिशेला आहे तेही विचारणार नाही. फक्त सकाळचा चहा मी करीन. दोन कप होतो.

आणि ते पान एकेचाळीस. दुसरी आवृत्ती निघाली तर चंद्र हलवू नकोस. काल परत वाचलं. आर्द्रेला तो जिथं हवा आहे तिथं राहू दे एक रात्र, आकाश काही पडत नाही.

हे पत्र आता पोस्टात टाकलं तर माझ्यानंतर पोचेल, म्हणून हातानंच आणतोय. गाडी लागायलीय. तू दार उघडशील तेव्हा मला काही बोलता येणार नाही, माझं मला माहीत आहे. मी 'जेवलीस का' एवढंच विचारीन. तेव्हा आधी हे माझ्या हातातून घे आणि वाच. मग पुस्तक घे. पुढं काय झालं ते तू सांग, मी वाचून दाखवीन, आणि मग बासन दोघं मिळून बांधू. ते पिशवीत आहे.

धुरपताबाईंनी विचारलं ना, कुठं जायलात? मी म्हणालो, "जायला मुहूर्त लागतो, धुरपताबाई. मी जायलो नाही. अनुपमाकडं यायलोय."

तुझा,
वीरभद्र